कोळशाचा धक्का

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय जाई,

रविवारी तू व्हिडिओ कॉलवर म्हणालीस, बाबा, आरांग धक्क्याचा इतिहास एकदा सनावळीसकट लिहून पाठव, डिसेंबरात धक्का पुन्हा उघडेल तेव्हाच्या भाषणाला लागेल. तीन वेळा म्हणालीस आणि तिन्ही वेळा मी विषय बाळाच्या दातांवर नेला. तुझ्या ते लक्षात आलं असणार. बोलताना मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. चाळीस वर्षं मी जहाजांच्या इंजिनांचे अहवाल लिहिले. काय बिघडलं, केव्हा बिघडलं, कोणाच्या पाळीत बिघडलं, हे क्रमानं लिहायची सवय आहे. इथेही तसंच करायचा विचार आहे. तुझी आई समोर मेथी निवडत बसलीय आणि मी खरंच लिहितोय ना, ते अधूनमधून मान वर करून बघतेय.

तुझ्या प्रबंधात यातलं बरंच आहे, पण ते सगळं तू माझ्या तोंडून ऐकलेलं आहेस. धक्क्याचे राखणदार आ सेंग बाजारी मलय बोलायचे, मी इंडोनेशियन खलाशांकडून उचललेली मलय बोलायचो, आणि मग ते तुला सांगायचो. तू रेकॉर्डर लावून, वही मांडीवर घेऊन बसायचीस. २०१९ साली तू आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होतीस. पहिल्या शनिवारी मला ओढत नेलंस तेव्हा मी कुरकुरतच आलो होतो. काँक्रीटचा कालवा, पलीकडे एक्स्प्रेसवे, आणि मध्ये तीन जुन्या इमारती, एवढंच दिसलं मला. मग गोदामाच्या दारातून एक्क्याऐंशी वर्षांचा वाळका माणूस खराटा हातात घेऊन बाहेर आला आणि त्यानं आपल्याला बसायला दोन स्टुलं दिली. दुसऱ्याच भेटीत तू त्यांना आकोंग, म्हणजे आजोबा, म्हणायला लागलीस.

तर क्रमानं. आ सेंग आणि त्यांचा थोरला भाऊ आ हुआत १९५७ साली मलायातल्या मुआरहून इथे आले. आ सेंग तेव्हा एकोणीस वर्षांचे. धक्क्यावर सुमात्राकडून तिवराच्या लाकडाचा कोळसा पडावांतून यायचा. आरांग म्हणजे कोळसा. त्यावरूनच धक्क्याचं नाव. पडाव भरतीबरोबर आत यायचे आणि ओहोटीला चिखलात बसायचे. तेवढ्या वेळात हमालांनी माल उतरवायचा. पडावातून धक्क्यावर एकच फळी टाकलेली, डोक्यावर टोपली, अनवाणी पाय. फळी वर उसळते तेव्हा पाऊल टाकायचं, खाली जाताना टाकलं तर ती माणसाला भिरकावते, हे त्यांनी मला जमिनीवर चालून दाखवलं होतं. एका बाजूचं लांब गोदाम कोळशाचं, मधली ठेंगणी खोली वजनकाट्याची, आणि कडेच्या दुमजली घरात खाली मालकाची पेढी, वर माळ्यावर चाळीस हमाल. हे तीन तुकडे उरले. समोरच्या काठावरची लाकडाची वखार, होड्या दुरुस्त करणाऱ्यांची शेड, खानावळ, हे सगळं गेलं, त्याचा फोटोही कोणाकडे नाही.

घराघरांत गॅस आला आणि कोळसा संपत गेला. ऐंशीच्या दशकात नद्या स्वच्छ करायची मोहीम निघाली, पडाव हलवले गेले, कालव्याला काँक्रीटचे काठ बांधले. धक्क्याच्या दगडी पायऱ्या तेवढ्या तशाच राहिल्या. पुढे समुद्राच्या तोंडाशी बंधारा झाला आणि भरती-ओहोटीच थांबली. आ सेंग म्हणायचे, पाणी आता श्वास घेत नाही. मालक वारला, जागा सरकारकडे गेली, गोदाम एका फर्निचरवाल्याला तात्पुरतं मिळालं, आणि राखणदार म्हणून आ सेंग काट्याच्या खोलीत राहिले. लग्न केलं नव्हतं. रोज सकाळी धक्का झाडायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघतही नव्हतं. पावसाळी दिवसांत गोदामाच्या भिंतींमधून काळं पाणी झिरपायचं. तू बोट लावून बघितलंस, बोट काळं झालं, आणि तू इतकी हरखलीस की मी तुझा फोटो काढला.

आता एक गोष्ट जी तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, पण तुला माहीत नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत ते आपल्याला पायऱ्यांपाशी घेऊन गेले, तिसऱ्या पायरीकडे बोट दाखवून बराच वेळ बोलले. तू विचारलंस, काय म्हणतात? मी सांगितलं, भरतीचं पाणी इथपर्यंत यायचं म्हणतात. ते तसं म्हणत नव्हते. ते सांगत होते, की १९६३ साली त्या पायरीसमोर फळी सरकली आणि आ हुआत टोपलीसकट पडाव आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडला. ओहोटी होती. कमरेपर्यंत चिखल. माणसांनी दोर टाकले, पण पडाव बसत चालला होता, आणि भरलेला पडाव चाळीस माणसांना हलत नाही. आ सेंग त्या पायरीवर पालथे पडून भावाचा हात धरून होते. आ हुआत बराच वेळ बोलत होता म्हणाले. आईला काय सांगायचं ते सांगत होता. भरती येऊन पडाव उचलला गेला तेव्हा त्याला बाहेर काढलं. दरवर्षी चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, पितरांच्या दिवसांत, आ सेंग त्या पायरीवर उदबत्त्या लावायचे आणि कागद जाळायचे. त्या जागेपासून ते का हलत नव्हते, याचं कारण पगार नव्हता आणि सवयही नव्हती.

तुला का सांगितलं नाही, तर तू त्या दिवशी खुशीत होतीस. सकाळीच तुझ्या प्राध्यापकांनी विषय मंजूर केला होता. म्हटलं, नंतर कधीतरी सांगू. हा माझा जुना दोष आहे. तुला खुपेल ते मी आधी बाजूला काढून ठेवतो, आणि एकदा बाजूला काढलेलं पुन्हा ताटात वाढायला माझा हात होत नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. प्रबंध गाजला, प्रदर्शन झालं, वर्तमानपत्रात आलं, आणि २०२१ मध्ये तिन्ही इमारती जतन करायच्या यादीत गेल्या. आपण आ सेंगना हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवर घेऊन गेलो. त्यांना मासळीच्या गोळ्यांचे नूडल्स हवे होते. तू म्हणालीस, बाबा, त्यांना नीट समजावून सांग. आता जतन हा शब्द बाजारी मलयमध्ये कुठून आणायचा? मी म्हटलं, सिंपान. सरकार हे सगळं सिंपान करणार, म्हणजे जपून ठेवणार. पैसा सिंपान करतात, भात सिंपान करतात. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, मग काट्याच्या खोलीचं छप्पर गळतं, तेही बघतील का? मी हो म्हटलं. तू विचारलंस, काय म्हणाले? मी म्हटलं, खूश आहेत. आणि ते होतेच खूश. त्यांना वाटलं, खोलीबरोबर आपल्यालाही जपून ठेवणार.

२०२२च्या जानेवारीत जागा रिकामी करायची नोटीस आली. एप्रिलमध्ये ते बेटाच्या पार ईशान्य टोकाला, पुंगोलला गेले. अकराव्या मजल्यावर एका खोलीचं भाड्याचं घर, आणि त्यातही दुसरा एक म्हातारा वाटेकरी, मध्ये पडदा. तो गृहस्थ दिवसभर टीव्ही लावून बसायचा. तू ऑगस्टमध्ये रॉटरडॅमला निघालीस तेव्हा विमानतळावर मला म्हणालीस, आकोंगकडे जात जा. मी गेलो, जाई. दर गुरुवारी गेलो. एवढं तरी खरं आहे. पहिल्या महिन्यात ते खराटा घेऊन मजल्यावरचा लांब पॅसेज झाडायचे. सफाईवाल्यानं हरकत घेतली, मग तेही बंद झालं. त्यानंतर ते खिडकीशी बसून असायचे. खाली पाणी दिसतं तिथून, सुंदर दिसतं, मुलं सायकली चालवतात. एकदा मी म्हटलं, पाणी आहे बघा इथेही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते परत कधी म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी सातव्या महिन्यात ते एकटेच निघाले, पिशवीत उदबत्त्या आणि जाळायचे कागद घेऊन. एलआरटीत, वस्तीतल्या छोट्या गाडीत, बसले आणि उतरलेच नाहीत. तो लूप आहे, गाडी फिरून फिरून तिथेच येते. ते चार फेऱ्या बसून राहिले, कारण प्रत्येक स्टेशन त्यांना सारखंच दिसत होतं. स्टेशनवरच्या मुलीनं त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरच्या माझ्या नंबरवर फोन केला. मी गेलो, टॅक्सी केली आणि त्यांना धक्क्यावर घेऊन गेलो. सगळीकडे पत्र्याचं कुंपण. दाराशी एक वयस्क मलय राखणदार होता. मी त्याला सांगितलं, पाचच मिनिटं, त्या पायरीपर्यंत. तो वाईट नव्हता. म्हणाला, "अंकल, कॅनॉट लाह. हेल्मेट नाही, पास नाही, माझी नोकरी जाईल." आ सेंग त्याच्याशी भांडले नाहीत. फुटपाथच्या कडेला गटाराच्या जाळीवर बसले आणि तिथे कागद जाळले. वारा होता, राख पत्र्यावर चिकटत होती. आतून घासण्याच्या यंत्रांचा आवाज येत होता. गोदामाच्या भिंतींचा काळा थर काढत होते. त्या रविवारी तू विचारलंस, आकोंग कसे आहेत? मी म्हटलं, मजेत, लिफ्टमधून वरखाली करायला आवडतं त्यांना.

जाई, आ सेंग वारले. या वर्षी एकोणीस जानेवारीला, सकाळी अकराच्या सुमाराला, हॉस्पिटलमध्ये. न्यूमोनिया झाला होता, चार दिवस होते. मी जवळ होतो. अंत्यविधीला आम्ही दोघं, तो पडद्यापलीकडचा गृहस्थ आणि सेवाभावी संस्थेची एक बाई, एवढेच होतो. तू तेव्हा सातव्या महिन्यात होतीस, डॉक्टरांनी तुला अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं होतं. आता नको सांगायला, असं तुझी आईही म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. पण मार्चमध्ये बाळ सुखरूप झालं. त्यानंतर माझ्यापाशी काही कारण उरलं नव्हतं. तरी दर रविवारी तू विचारत राहिलीस आणि मी सांगत राहिलो. बाळाचा फोटो बघून हसले, म्हणालो. कान तुझ्यासारखे आहेत म्हणाले, असंही म्हणालो. बाळासाठी त्यांनी पाठवलं म्हणून मी जे शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट पोस्टानं पाठवलं, ते मी खालच्या दुकानातून आणलं होतं. तू ते बाळाच्या पाळण्याला बांधलंस आणि मला फोटो पाठवलास. तो फोटो आला त्या दिवशी तुझी आई जेवली नाही. म्हणाली, "अहो, तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते." मी तिला शपथ घातली. गेले सहा महिने या घरात हाच एक विषय आहे आणि त्यावर आम्ही बोलत नाही.

एवढंच असतं, तर तू मला कधीतरी माफ केलं असतंस. पण क्रमानं लिहीन म्हणालो आणि एक गोष्ट मी क्रमातून काढून ठेवलीय. पुन्हा २०२२ च्या जानेवारीत जायला हवं. नोटीस आली तेव्हा आ सेंगनी मला बोलावून घेतलं. तुला नाही, मला. काट्याच्या खोलीत आम्ही बसलो, मी नोटीस वाचून दाखवली. त्यांनी दोनदा ऐकली. मग म्हणाले, तू इंग्रजीत लिहितोस, माझ्यासाठी एक पत्र लिही. मी लिहिलं. एकच पान. त्यांनी एवढंच मागितलं होतं, की मरेपर्यंत काट्याच्या खोलीत राहू द्या. मी धक्का झाडीन, येणाऱ्यांना फळीवरून कसं चालायचं ते दाखवीन, माझा भाऊ इथे गेला. मी ते मलयमध्ये परत वाचून दाखवलं. त्यांनी खाली तीन चिनी अक्षरं काढली. बराच वेळ लागला. मग पत्र माझ्या हातात दिलं. अर्ज पोचवायला वीस दिवसांची मुदत होती.

दुसऱ्या दिवशी एमआरटीच्या, मेट्रोच्या स्टेशनवर विवेक भेटला, आपल्या महाराष्ट्र मंडळातला. जतनाचं काम करणाऱ्या कंपनीतच तो होता, आणि तुझ्या नोकरीचं तिथेच चाललं होतं. मी सहज विचारलं, राहणाऱ्या माणसानं अर्ज केला तर काय होतं? तो म्हणाला, "काका, मग फाईल थांबते. सहा महिने, कदाचित वर्ष. तोवर नवीन भरती पण नाही." त्यानं मला काही कर किंवा करू नको असं सांगितलं नाही. त्याला पत्राचा पत्ताही नव्हता. मी घरी आलो, पाकीट कपाटात जहाजाच्या जुन्या कागदांखाली ठेवलं, आणि वीस दिवस जाऊ दिले. रोज ते पाकीट तिथे आहे हे मला माहीत होतं. तुझ्या आईलाही सांगितलं नाही. तिला ते गेल्या आठवड्यात कळलं. तुला नोकरी लागली, त्या नोकरीतून रॉटरडॅम मिळालं, तिथे रुचिर भेटला, बाळ झालं. तुझ्या संसारातली प्रत्येक वस्तू मी त्या पाकिटावर ठेवून पाहिलीय. अर्ज कदाचित नामंजूरच झाला असता. सगळे म्हणतील, नक्कीच झाला असता. पण ते ठरवायचं काम माझं नव्हतं.

दर गुरुवारी गेल्यावर ते मला पहिला प्रश्न तोच विचारायचे. पत्राचं उत्तर आलं का? मलयमध्ये दोनच शब्द. मी म्हणायचो, बलुम. म्हणजे, अजून नाही. तीन वर्षं मी त्यांना बलुम म्हणत राहिलो आणि ते मान डोलवायचे, सरकारी कामांना वेळ लागतो म्हणायचे. उलट माझीच समजूत काढायचे. शेवटच्या दिवशी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी तो हातानं बाजूला केला आणि तेच विचारलं. त्या क्षणी तरी मी हो, आलं, राहू देतायत, असं म्हणू शकलो असतो. तुझ्याशी इतकं खोटं बोललो, एक त्यांच्यासाठी बोललो असतो. पण माझ्या तोंडून सवयीनं बलुमच गेलं.

काल तुझ्या भाषणाचा मसुदा आला. चांगलं लिहिलंयस. त्यात तू लिहितेस, की आ सेंग स्वतःच्या इच्छेनं बाजूला झाले, 'पोरीचं काम होऊ दे' म्हणाले, आणि आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा. त्यांच्यासाठी व्हीलचेअरची टॅक्सी ठरवायलाही तू मला सांगितलंस. 'पोरीचं काम होऊ दे' हे त्यांचं वाक्य नाही. ते माझं आहे. २०२२ साली तुला बरं वाटावं म्हणून मी ते जेवणाच्या टेबलावर रचलं होतं, आणि आता ते त्या तिन्ही इमारतींसमोर, दोनशे माणसांपुढे, तुझ्या आवाजात म्हटलं जाणार आहे. त्यासाठी हे पत्र. ते वाक्य खोड. सोबत मूळ अर्ज पाठवतोय, त्यांच्या सहीचा. त्याचं काय करायचं ते तू ठरव. आता त्यातून कोणाला काही मिळणार नाही. खोली तयार झालीय, भिंती पांढऱ्या आहेत, तिथे कॉफीचं दुकान येतंय. तुझी आई कार्यक्रमाला येईल. मी येणार नाही. या रविवारी मी फोनपाशी बसणार नाही, तुला वाटेल तेव्हा कर, किंवा करू नकोस. डिसेंबरात उभी राहिलीस तर काय बोलायचं, हे मला विचारू नकोस. तुझ्या वतीनं आणि त्यांच्या वतीनं मी पुरे बोललो आहे.

तू म्हणशील तोवर तुझाच,
बाबा